केंद्रीय सिरानलिका : उपयोग, उपद्रव आणि कुटुंबवैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांच्या देहावर अलीकडे एक नवी वस्तू वारंवार दृष्टीस पडू लागली आहे. कोणाच्या मानेच्या बाजूस टाके घालून बसविलेली, लाल व निळ्या टोकांची जाड नळी असते. कोणाच्या दंडातून बाहेर आलेली बारीक नळी पारदर्शक पट्टीखाली दिसते. कोणाच्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, सुपारीएवढा कठीण उंचवटा हातास लागतो. पहिला रुग्ण डायलिसिसचा असतो, दुसरा व तिसरा बहुधा कर्करोगाच्या औषधोपचाराचा. तिघांच्याही शरीरातील नळीचे आतील टोक एकाच ठिकाणी, म्हणजे हृदयाच्या द्वाराशी, पोहोचलेले असते. आधुनिक वैद्यक हिला ‘सेंट्रल व्हीनस कॅथेटर’ म्हणते. रुग्णालयात बोलताना ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही ‘केंद्रीय सिरानलिका’ अथवा नुसते ‘नलिका’ हे शब्द योजले आहेत.

पुणे-बंगळूर महामार्गालगत मलकापूर येथे १९८४ साली कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कराड तालुक्यात आज अतिदक्षता विभाग व डायलिसिस केंद्र या गोष्टी अपरिचित राहिलेल्या नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारे आपल्या भागातील रुग्णही दोन उपचारांच्या मधल्या काळात नलिकेसह गावी परततात. नलिका बसविणारे तज्ज्ञ शहरात असतात, ती सांभाळणारा रुग्ण गावात असतो, आणि रात्री ताप भरला तर तो प्रथम आपल्या दाराशी येतो. म्हणून हा विषय आपला नाही असे म्हणून चालणार नाही.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात पंचक्रोशीतील एक प्रौढ शेतकरी तापासाठी आमच्याकडे आले. अंगाभोवती शाल गुंडाळलेली होती. ताप हुडहुडी भरून येई, काही तासांनी घाम येऊन उतरे आणि एक दिवसाआड पुन्हा येई. मूत्रपिंडाचा विकार असल्याचे त्यांनी सांगितले होते. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, लक्षणे ग्रंथाशी ताडून पाहिली आणि तृतीयक ज्वराचे निदान केले. औषध दिले, उतार पडला नाही. तिसऱ्या भेटीत त्यांचा मुलगा सहज बोलून गेला, “डॉक्टर, अण्णांना ताप मशिनवर बसल्यावरच भरतोय बघा.” आम्ही शाल दूर केली. मानेत डायलिसिसची नलिका होती व तिच्या मुळाशी पू साचला होता. डायलिसिस दिवसाआड होते, म्हणून तापही दिवसाआड होता. यंत्र सुरू झाले की नलिकेत वाढलेले जंतू थेट रक्तात लोटले जात होते. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठविले. नलिका काढावी लागली, कित्येक दिवस प्रतिजैविके द्यावी लागली. रुग्ण वाचला, पण त्याचे श्रेय आमच्या निदानाला नाही. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण रोज उच्चारतो. त्या दिवशी आमचे दर्शन शालीपाशी थांबले आणि प्रश्न अपुरा राहिला.

नलिकेची आवश्यकता का भासते?

हातावरील सिरेत जी छोटी सुई-नळी बसवितात, जिला आपण व्हेनफ्लॉन किंवा इंट्राकॅथ म्हणतो, तिचे काम बहुतेक वेळा भागते. परंतु हाताची सिरा लहान असते व तिच्यातील रक्तप्रवाह मंद असतो. तीव्र औषध तेथे पुरेसे विरल होत नाही. सिरेच्या अस्तराचा दाह होतो, सिरा दोरीसारखी कठीण होते, आणि औषध बाहेर झिरपल्यास भोवतालचे मांस कुजू शकते. याउलट शरीराच्या वरच्या भागातील सर्व अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या उत्तर महासिरेतून प्रौढ मनुष्यात मिनिटास सुमारे दोन लिटर रक्त वाहते. त्या प्रवाहात पडलेले औषध क्षणार्धात विरल होते. ओढ्याच्या डबक्यात मिठाची पिशवी ओतणे आणि कृष्णेच्या भर पात्रात ओतणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

म्हणून नलिकेचे बाहेरचे टोक मानेत असो, दंडात असो वा छातीवर असो, आतील टोक उत्तर महासिरेच्या खालच्या भागात, हृदयाच्या उजव्या अलिंदाजवळ असावे लागते. मांडीच्या मुळाशी घातलेल्या नलिकेचे टोक मात्र अधर महासिरेच्या दिशेने जाते. ‘केंद्रीय’ हे विशेषण नलिकेच्या टोकाच्या स्थानावरून आले आहे, प्रवेशाच्या स्थानावरून नव्हे.

संक्षिप्त इतिहास

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या डाव्या हाताच्या सिरेतून मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी लांब नळी आत सरकविली. ती तशीच ठेवून तो चालत क्ष-किरण विभागात गेला आणि नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचे छायाचित्र त्याने घेतले. हृदयास नळीचा स्पर्श झाला की मृत्यू अटळ, ही तत्कालीन समजूत त्याने खोटी ठरविली. त्या वेळी त्याची उपेक्षाच झाली. पुढे अमेरिकेत कूर्नां व रिचर्ड्‌स यांनी हे कार्य वाढविले आणि १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

१९५२ साली ओबानियाक या फ्रेंच शल्यचिकित्सकाने गळपट्टीखालील सबक्लेव्हिअन सिरेत प्रवेश करण्याची पद्धती वर्णिली. १९५३ साली स्वीडनमधील सेल्डिंगर याने सुईतून लवचिक तार आत सोडायची, सुई काढायची आणि तारेवरून नळी सरकवायची, ही सोपी युक्ती प्रसिद्ध केली. मोठी सुई न टोचता मोठी नळी बसविण्याचा हा मार्ग आजही जगभर वापरला जातो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण पोषण सिरेवाटे देऊन रुग्ण वाढविता व जगविता येतो हे दाखविले. ज्यांचे आतडे कामच करीत नाही अशा बालकांसाठी हा नवा जन्म होता.

नलिकेचे प्रकार

व्यवहारात आपणास पुढील चार प्रकार आढळतात.

१) अल्पकालीन नलिका : ही अतिदक्षता विभागात मान, गळपट्टीखालील भाग अथवा जांघ येथून घालतात. प्रौढांसाठी ती साधारणतः १५ ते २० सेंटिमीटर लांब व सुमारे सव्वादोन मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात बहुधा तीन स्वतंत्र मार्ग असतात. त्यामुळे एकमेकांशी न जुळणारी औषधे एकाच वेळी देता येतात. हिच्यासह रुग्ण घरी जाणे अपेक्षित नाही.

२) डायलिसिसची नलिका : ही अधिक जाड व दोन मार्गांची असते, एकातून रक्त यंत्राकडे जाते, दुसऱ्यातून परत येते. तातडीच्या वेळी थेट मानेत बसविलेली नलिका थोड्या दिवसांसाठी असते. दीर्घकाळासाठी असलेली नलिका छातीच्या कातडीखालून बोगदा करून नेतात. तिच्यावर कापडासारखे एक कडे असते. ते भोवतालच्या ऊतीत रुजते, नलिका घट्ट धरते व जंतूंची वाट अडविते.

३) दंडातील नलिका : हिला ‘पिक लाइन’ म्हणतात. दंडाच्या सिरेतून ती उत्तर महासिरेपर्यंत नेलेली असते. केमोथेरपी किंवा अनेक आठवड्यांची प्रतिजैविके यांसाठी ती सोयीची ठरते.

४) केमो पोर्ट : कातडीखाली बसविलेली लहान डबी व तिला जोडलेली नलिका. बाहेर काहीच नसल्याने रुग्ण स्नान व नित्यकर्मे मोकळेपणाने करू शकतो. डबीचा पडदा फाटू नये म्हणून ती विशिष्ट सुईनेच टोचावी लागते. साध्या सुईने ती निकामी होते.

उपयोग आणि गैरसमज

रक्तदाब सावरण्यासाठी नॉरॲड्रेनॅलिनसारखी औषधे सतत देणे, तीव्र संहत द्रावणे व सिरेवाटे संपूर्ण पोषण देणे, केमोथेरपी, डायलिसिस, तसेच हातापायांवर एकही सिरा सापडत नसेल तेव्हा औषधाचा मार्ग उपलब्ध करणे, हे नलिकेचे मुख्य उपयोग होत. पूर्वी नलिकेतून मोजलेल्या सिरागत दाबाच्या आकड्यावरून सलाइन किती द्यावे हे ठरवीत. तो एकटा आकडा त्यासाठी विश्वसनीय नाही, असे आजचे मत आहे. तो इतर लक्षणांसह वाचावा लागतो.

गैरसमजही आहेत. महामार्गावरील अपघातात रक्तस्राव झालेल्या रुग्णास ‘मोठी लाइन’ लावली म्हणजे सलाइन वेगाने जाते, असे अनेकांस वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. प्रवाह नळीच्या जाडीवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो व लांबीने घटतो. म्हणून हातावर बसविलेल्या दोन जाड व आखूड सुया लांब व बारीक केंद्रीय नलिकेपेक्षा अधिक वेगाने द्रव देतात. जंतुदोषाने रक्तदाब घसरलेल्या रुग्णातही केंद्रीय मार्गाची वाट पाहत औषध थांबवू नये, ते हाताच्या सिरेतून सुरू करावे, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सुचविले आहे.

उसाच्या पट्ट्यात सर्पदंश नवीन नाही. घोणस अथवा फुरसे चावलेल्या रुग्णाचे रक्त गोठेनासे होते. अशा वेळी खोल सिरेत सुई खुपसणे हेच संकट ठरू शकते. गळपट्टीखाली रक्तस्राव झाला तर तेथे बाहेरून दाबही देता येत नाही. प्रतिसर्पविष हाताच्या साध्या सिरेतूनच द्यावयाचे असते. त्यामुळे नलिका बसविण्याची सोय कोठे आहे हे शोधण्यात वेळ न दवडता, प्रतिसर्पविष जेथे लवकरात लवकर मिळेल तेथे रुग्ण पोहोचविणे श्रेयस्कर होय.

स्थान व मर्मविचार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात १०७ मर्मे वर्णिली आहेत. मानेतील नीला, मन्या व सिरामातृका आणि ऊरुमूलातील लोहिताक्ष ही मर्मे ज्या प्रदेशांत सांगितली आहेत, त्याच प्रदेशांतून आज ही नलिका प्रवेश करते. सुश्रुतांना ही नलिका ठाऊक होती असा दावा आम्ही करीत नाही. तसे दावे आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा वाढवीत नाहीत. परंतु ९८ सिरा अवेध्य म्हणून वेगळ्या काढणारे, दुष्टवेधाचे वीस प्रकार सांगणारे आणि सिरा स्वभावतःच चंचल असल्याने वेध जपून करावा असे बजावणारे शास्त्र ज्याने अभ्यासले आहे, त्याला या विधीतील धोका समजण्यास अडचण पडू नये.

मानेत सिरेला लागूनच मोठी धमनी असते. गळपट्टीखाली फुफ्फुसाचे आवरण अगदी जवळ असते. जांघेत सिरा सहज सापडते, पण ती जागा स्वच्छ ठेवणे कठीण असते. आज सोनोग्राफीच्या साहाय्याने सिरा प्रत्यक्ष पाहत वेध करतात. त्यामुळे, विशेषतः मानेत, धमनी विद्ध होण्याचे प्रमाण कमी झाले आहे. मान अथवा छातीतून नलिका बसविल्यावर क्ष-किरण चित्र घेऊन टोकाचे स्थान व फुफ्फुसाची स्थिती पाहण्याचा प्रघात आहे.

उपद्रव

तात्कालिक उपद्रवांत धमनीवेध, रक्तसंचय, फुफ्फुसावरणात हवा शिरणे व हृदयाची लय बिघडणे हे प्रमुख होत. आपल्या दृष्टीने नंतरचे उपद्रव अधिक महत्त्वाचे आहेत.

पहिला, जंतुसंसर्ग. त्वचेवरील जंतू नलिकेच्या बाहेरून, अथवा तिच्या टोपणावर हाताळताना लागलेले जंतू आतून, रक्तात जातात. प्रवेशस्थानी लाली वा पू नसतानाही रक्तात संसर्ग असू शकतो. नलिका असलेल्या रुग्णास थंडी वाजून आलेला ताप हा अन्य कारण सिद्ध होईपर्यंत नलिकेचाच मानावा. केमोथेरपीने श्वेतकण घटलेल्या रुग्णात तर काही तासांचाही विलंब प्राणघातक ठरू शकतो.

दुसरा, सिरेत रक्ताची गुठळी. हात, मान वा चेहऱ्याची एका बाजूस सूज, जडपणा, छातीवर फुगलेल्या सिरा ही तिची चिन्हे होत. हा शोथ वातज की कफज याचा विचार करीत बसण्यापूर्वी नलिकेचा विचार करावा.

तिसरा, हवेचा बुडबुडा. नलिकेचे टोपण निघाले, ती फुटली अथवा अचानक उपसली गेली, तर श्वास आत घेताना बाहेरची हवा सिरेत ओढली जाते. रुग्ण बसलेला वा उभा असेल तर धोका अधिक.

चौथा, सिरा अरुंद होणे. हा उपद्रव कित्येक महिन्यांनी उघड होतो. गळपट्टीखालील सिरा अरुंद झाली की त्या बाजूच्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला करणे अवघड होते. म्हणून डायलिसिसची नलिका तेथे शक्यतो बसवीत नाहीत.

कुटुंबवैद्याने काय करावे, काय टाळावे?

१) ज्वराच्या प्रत्येक रुग्णास विचारावे : अंगात कोठे नळी आहे काय? डायलिसिस वा केमोथेरपी चालू आहे काय? मान, छाती व दंड उघडे करून पाहावेत. स्त्रीरुग्णाची परीक्षा तिच्या नातलग स्त्रीच्या उपस्थितीत करावी, परंतु संकोचापोटी टाळू नये.

२) नलिका असलेल्या रुग्णास हुडहुडीसह ताप असल्यास ज्वरघ्न कल्प देऊन घरी थांबवू नये. ज्या केंद्रात नलिका बसविली तेथे त्याच दिवशी पाठवावे. अवस्था गंभीर असल्यास जवळच्या मोठ्या रुग्णालयात. चिठ्ठीत नलिकेचा प्रकार, ती बसविल्याची तारीख व ताप केव्हा भरतो हे लिहावे.

३) डायलिसिसच्या नलिकेतून कोणतेही इंजेक्शन वा सलाइन देऊ नये. डायलिसिस नसताना तिच्यात बहुधा रक्त न गोठू देणारे हेपॅरिन भरून ठेवलेले असते. ते एकदम रक्तात गेल्यास रक्तस्राव संभवतो. ‘नळी आहेच, तर तिच्यातूनच द्या’ हा आग्रह नातलगांनी केला तरी मानू नये.

४) ज्या दंडात नलिका आहे त्या हातावर रक्तदाब मोजू नये.

५) अभ्यंग, विशेषतः मान, खांदा व छातीचा, तसेच नस्यापूर्वीचे स्नेहन-स्वेदन नलिका असेपर्यंत त्या भागावर करू नये. तेलाने पट्टी सुटते, वाफेने ओली होते, मर्दनाने नलिका सरकते. पेटीतील सर्वांग स्वेदनही टाळावे. नलिकेच्या मुळाशी लेप, हळद, तूप अथवा भस्म लावू नये आणि घरच्यांनीही लावू नये हे स्पष्ट सांगावे.

६) मूत्रपिंडाचा विकार वाढत चाललेल्या रुग्णात, डायलिसिस अद्याप सुरू झालेले नसले तरी, हाताच्या सिरा राखून ठेवाव्यात. नेहमी न वापरल्या जाणाऱ्या, म्हणजे बहुधा डाव्या, हाताच्या कोपरात सिरावेध करू नये. शक्यतो तेथे सुईही टोचू नये. त्याच सिरेवर उद्याचा फिस्टुला अवलंबून असतो. फिस्टुला झाला म्हणजे मानेतील नलिकेची गरज संपते. आज आपण राखलेली एक सिरा रुग्णाची अनेक वर्षे सुखावह करू शकते.

७) नलिका उपसली गेल्यास किंवा उघडी पडल्यास रुग्णास तत्काळ आडवे करावे. नलिका जागेवर असेल तर तिची पकड बंद करावी. निघाली असेल तर छिद्रावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा व वरून हवाबंद पट्टी लावावी. धाप लागल्यास डाव्या कुशीवर, डोके किंचित खाली ठेवून निजवावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. अर्धवट बाहेर आलेली नलिका पुन्हा आत ढकलू नये.

८) पट्टी बदलणे व नलिका धुणे ही कामे त्या केंद्राने ठरविलेल्या अंतराने, प्रशिक्षित व्यक्तीनेच करावीत.

रुग्णालयात सेवा करणाऱ्या वैद्यांस

आपले अनेक तरुण सहकारी रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळी करतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतील मिशिगन राज्याचे उदाहरण बोधप्रद आहे. पीटर प्रोनोव्होस्ट व सहकाऱ्यांनी तेथील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत पाच साधे नियम पाळण्यास लावले : हात धुणे, नलिका बसविताना पूर्ण निर्जंतुक वस्त्रावरण, क्लोरहेक्झिडिनने त्वचाशुद्धी, शक्यतो जांघ टाळणे, आणि अनावश्यक झालेली नलिका काढून टाकणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नलिकेच्या दर हजार दिवसांमागे सरासरी ७.७ असलेले रक्तसंसर्गाचे प्रमाण दीड वर्षात १.४ पर्यंत उतरले. कोणतेही नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. एक यादी होती, आणि नियम मोडल्यास डॉक्टरांना थांबविण्याचा अधिकार परिचारिकांना दिलेला होता.

यांतील शेवटचा नियम सर्वांत दुर्लक्षित असतो. नलिका बसविण्याचा निर्णय वरिष्ठ घेतात. ती काढण्याचा निर्णय अनेकदा कोणीच घेत नाही. रुग्ण तोंडाने औषध घेऊ लागला, रक्तदाबाचे औषध बंद झाले, तरी ‘असू द्या, उपयोगी पडेल’ म्हणून ती तशीच राहते. सकाळच्या फेरीत आपल्या तरुण वैद्यांनी एवढाच प्रश्न नम्रपणे विचारावा : “सर, या नळीची आज गरज आहे का?”

उपसंहार

शल्य म्हणजे शरीरास पीडा देणारी बाह्य वस्तू, ही व्याख्या आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो. केंद्रीय सिरानलिका ही आवश्यकता असेपर्यंत यंत्र आहे आणि आवश्यकता संपताच शल्य आहे. ती बसविणे आपल्या हातात नाही. मात्र ती ओळखणे, तिच्या वाटेस न जाणे, तिचा ताप वेळीच जाणणे आणि रुग्ण योग्य ठिकाणी पोहोचविणे हे चारही आपल्या हातात आहे. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. रुग्णाच्या अंगावरील शाल दूर करण्याची सवय लागते. आमच्या सहकाऱ्यांनी ती सवय आमच्यासारखी चुकीनंतर नव्हे, चुकीआधीच लावून घ्यावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.